छाटलेली झाडं आणि गच्चीवरची वानरं: नागपूरच्या एका कॉलनीचं प्रकरण

पार्श्वभूमी

ही कॉलनी नागपूरच्या पश्चिम अंगाला आहे, गोरेवाड्याच्या जंगलापासून फार लांब नाही. कॉलनीचं आणि माणसांची नावं मुद्दाम देत नाही. पाच मजल्यांच्या तीन विंग, पुढे रस्ता, मागे नाला. नाल्याच्या अलीकडच्या काठावर अर्जुनाची चार उंच झाडं आणि त्यांच्या शेजारी एक जुना पिंपळ. सी विंगला खेटून एक उंबर. नाल्यापलीकडे एका संस्थेचं मोठं आवार आहे, त्यात काटेसावरीचं एक झाड आणि निलगिरीची रांग.

काळ्या तोंडाची वानरं इथे कॉलनीच्या आधीपासून आहेत. वीसेक जणांची एक टोळी: एक हुप्प्या, बाकी माद्या आणि त्यांची लहानमोठी पिल्लं. जुने रहिवासी सांगतात की वानरं यायची, उंबर खायची, पिंपळाची कोवळी पानं ओरबाडायची, उन्हाळ्यात एखाद्या घरच्या कुरड्यांवर हात मारायची आणि संध्याकाळी नाल्याकडे निघून जायची. शनिवारी दोन-तीन घरांतून चणे-फुटाणे ठेवले जात. कॉलनीच्या सभेत वानर हा विषय कधी आला नव्हता.

मग एका मे महिन्याच्या शेवटी वादळ आलं आणि अर्जुनाची एक फांदी उभ्या गाडीवर पडली. समितीने परवानगी काढून पावसाळ्याआधी छाटणी करून घेतली. परवानगी धोकादायक फांद्यांची होती. काम करणाऱ्यांनी चारही अर्जुनांचे शेंडे उतरवले आणि आडव्या फांद्या अर्ध्यावर कापून टाकल्या. पिंपळाला फारसा हात लागला नाही, कारण पिंपळावर कुऱ्हाड चालवायला कोणी तयार होईना.

अडचण

जूनपासून वानरं सी विंगच्या गच्चीवर रात्री मुक्कामाला येऊ लागली. पहिल्या आठवड्यात लोकांनी फोटो काढले. दुसऱ्या आठवड्यापासून तक्रारी सुरू झाल्या.

टाकीचं झाकण रोज उघडं सापडे. सोलरच्या दोन काचनळ्या फुटल्या. कूलरच्या गवताच्या ताट्या उपसून खाली फेकलेल्या असत. गच्चीवर लेंड्यांचा थर साचे आणि पहिल्या पावसात तो पन्हाळीतून खाली येई. पहाट झाली की टोळी सी विंगवरून बी विंगच्या गच्चीवर, तिथून बाल्कन्यांवर उतरे आणि उघड्या खिडकीतून स्वयंपाकघरात शिरे. एक आजी वाळलेले कपडे काढायला वर गेल्या तेव्हा हुप्प्या दात विचकून समोर आला. मागे सरताना त्यांची पायरी चुकली आणि मनगट मोडलं. कुणाला चावा बसला नव्हता, पण लहान मुलांना गच्चीवर पाठवणं बंद झालं.

पोळ्याच्या आठवड्यात काही तरुणांनी उपाय केला. रात्री आठच्या सुमाराला गच्चीवर दोन सुतळी बॉम्ब लावले. टोळी अंधारात चौफेर उधळली. एका मादीने नाल्याकडच्या विजेच्या तारांवर उडी घेतली आणि ती तिथेच गेली. तिच्या पोटाला बिलगलेलं पिल्लू जिवंत होतं. वनखात्याचं पथक ते घेऊन गेलं. बाकीची टोळी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पुन्हा त्याच गच्चीवर आली.

पोळ्यानंतर नागपुरात निघणारी मारबतीची मिरवणूक झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी कॉलनीची सभा भरली. सभेत दोन तट होते. एक तट म्हणे, पिंजरे लावा आणि सगळ्यांना पेंचला सोडून द्या. दुसरा म्हणे, मारुतीच्या सेनेला हात लावाल तर खबरदार. समितीच्या सचिवांनी तेव्हा शहरातल्या वन्यप्राण्यांच्या तक्रारींवर काम करणाऱ्या आमच्या गटाला बोलावलं.

प्रश्न कुठला हे ठरवणं

अशा प्रकरणात पहिला संशय खाण्यावर जातो. कचरा उघडा आहे का, कोण खायला घालतं, कुणाच्या खिडकीत केळी दिसतात, हे आधी विचारलं जातं. ते विचारायलाच हवं आणि आम्ही विचारलंही. पण खाण्यात काहीच बदललं नव्हतं. कचराकुंडी होती तशीच झाकलेली, शनिवारचे चणे पूर्वीइतकेच. मग जूनमध्ये नेमकं काय बदललं?

उत्तर चौकीदाराने दिलं. तो कॉलनीत रात्रपाळी करतो आणि रोज संध्याकाळी नाल्याकडचं फाटक बंद करायला जातो. तो म्हणाला, "हे वानरं पहिले त्या झाडावरच झोपत होते ना साहेब. झाडं बोडके केले तवापासून वर येऊन राहिले. मले कोणी विचारलंच नाही."

या एका वाक्याने पुढच्या सगळ्या कामाची दिशा बदलली. कॉलनीला ज्याचा त्रास होत होता ते पहाटेचं नुकसान होतं, आणि ते नुकसान वानरं रात्री कुठे झोपतात यावरून ठरत होतं. टोळी झाडावर झोपायची तेव्हा उजाडताच नाल्यात उतरायची आणि पलीकडे जायची. गच्चीवर झोपली की उजाडताच, रात्रभराच्या उपाशी पोटी, तिची वाट बाल्कन्यांवरून जायची. वानरं तीच, भूकही तीच. फक्त निघायची जागा बदलली होती.

वानरं झोपायची जागा कशी ठरवतात

इथे थोडं थांबायला हवं, कारण हे कळल्याशिवाय पुढचे निर्णय समजणार नाहीत.

चिंपांझी, ओरांगउटान रोज संध्याकाळी फांद्या वाकवून बिछाना करतात. माकडं आणि वानरं तसं करत नाहीत. ती नुसत्या फांदीवर बसून झोपतात. आशिया-आफ्रिकेतल्या माकडांच्या बुडाला जाड, निबर कातडीच्या गाद्या असतात, त्यामुळे तासन् तास बसून डुलकी घेता येते. बिछाना करत नसल्यामुळे सगळी भिस्त जागेच्या निवडीवर असते. आयुष्याचा जवळजवळ अर्धा वेळ त्या जागी जायचा, म्हणजे ही निवड साधी नाही.

पहिली गोष्ट बिबट्या. तो रात्री शिकार करतो आणि झाडावर चढतो. म्हणून वानरांना असं झाड लागतं ज्याचं खोड सरळ आणि उंच आहे, पहिली फांदी बरीच वर आहे, आणि फांद्यांची टोकं इतकी बारीक आहेत की दहा-पंधरा किलोचं वानर पेलतील पण पन्नास किलोचा बिबट्या पेलणार नाहीत. वर चढताना तो फांदी हलवणार आणि टोकावर बसलेल्याला ते आधी कळणार. दक्षिण भारतातल्या बोनेट माकडांवरचा एक अभ्यास २००१ साली प्रसिद्ध झाला. त्यातही माकडं आजूबाजूच्या झाडांपेक्षा उंच वाढलेली झाडं निवडतात आणि फांद्यांच्या टोकांकडे झोपतात असं दिसलं. बोर्निओतली लांब नाकाची प्रोबोसिस माकडं संध्याकाळी नदीकाठच्या झाडांवर येतात, कारण पाण्याच्या बाजूने शत्रू येणं अवघड. आणि जिथे उंच झाडंच नाहीत तिथे? इथिओपियाच्या कोरड्या भागातले हमाद्रिया बबून खडकाच्या उभ्या कड्यांवर झोपतात. आमच्या प्रकरणात हे उदाहरण फार उपयोगी पडलं. झाडं गेल्यावर वानरांना पाच मजली इमारत दिसली ती अशीच, चढायला अवघड असलेल्या कड्यासारखी.

दुसरी गोष्ट खाणं. कोस्टारिकातल्या स्पायडर माकडांवर १९८९ साली आलेल्या अभ्यासात दिसलं की ती एकाच ठिकाणी परतत नाहीत. त्या दिवसांत जिथे फळं लागली आहेत त्याच्या जवळची झोपायची जागा निवडतात. वानरं मुख्यतः पानं खाणारी. त्यांच्या पोटाला कप्पे असतात आणि पानं आंबवून पचवायला वेळ लागतो, म्हणून भरल्या पोटी लांब चालायचं ती टाळतात. संध्याकाळचं शेवटचं खाणं आणि झोपायचं झाड जवळ असणं त्यांना सोयीचं.

तिसरी गोष्ट स्वच्छता. केनियातल्या अंबोसेलीच्या पिवळ्या बबूनांबद्दल १९८२ साली मांडलं गेलं की ते झोपायची राई आलटून पालटून बदलतात, कारण खाली पडलेल्या विष्ठेतले जंतांच्या अळ्या संसर्गाला तयार होण्याआधी तिथून हललेलं बरं. म्हणजे एका टोळीला झोपायला एक झाड पुरत नाही, चार-पाच जागांचा फेरा लागतो. कॉलनीतले चार अर्जुन, पिंपळ आणि पलीकडची निलगिरी मिळून असाच एक फेरा होता. त्यातले चार एका झटक्यात गेले.

शिवाय हवा. नागपुरात २३ मे २०१३ ला पारा ४७.९ अंशांवर गेला होता आणि २९ डिसेंबर २०१८ ला ३.५ अंशांवर उतरला होता. याच शहरात, याच झाडांवर, अंगावरच्या केसांशिवाय दुसरं काही नसताना वानरं दोन्ही काढतात. थंडीत ती एकमेकांना बिलगून झोपतात, पावसात दाट पानांखाली सरकतात.

जागा बदलली की झोपही बिघडते. केनियातल्याच ऑलिव्ह बबूनांच्या गळ्यात हालचाल मोजणारे पट्टे बांधून केलेला अभ्यास २०२२ साली आला. सवयीच्या जागेऐवजी दुसरीकडे झोपावं लागलं त्या रात्री ते कमी झोपले. गच्चीवरची रात्रभराची धम्माधम लोकांना वानरांची मस्ती वाटत होती. मला ती नव्या जागेवरची अस्वस्थता वाटते.

पाहणी

काही आठवडे संध्याकाळी पाहणी केली. बी विंगमधल्या निवृत्त शिक्षिका, ज्यांना सगळे बाई म्हणतात, त्या वहीत वेळ टिपत. कॉलेजात जाणारा एक मुलगा नाल्यापलीकडून पाही. चौकीदार फाटकाशी उभा असे.

टोळी सूर्यास्ताच्या तासभर आधी पश्चिमेकडून नाल्याच्या कडेने येई. पिंपळावर बसून खाई. मग एकेकजण अर्जुनाकडे जाई. एका संध्याकाळी एक मादी पिल्लू पोटाशी घेऊन कापलेल्या फांदीच्या थोट्यापर्यंत गेली. तिने हाताने थोटा दाबून पाहिला, त्यावर बसली, शेपटी खाली सोडली. मान वळवून वर पाहिलं. वर पान नव्हतं. उठली, तोंड फिरवून परत बसली. मग पिल्लाला सावरत खोडाकडे परतली आणि पिंपळावर गेली. दर काही दिवसांनी कुणी ना कुणी मादी असं करून पाहत असे. म्हणजे जुनी जागा त्यांनी सोडून दिलेली नव्हती, ती तपासणं चालू होतं.

मग पिंपळावरच का थांबत नव्हती? याचं उत्तर बाईंच्या वहीत मिळालं. रोज सातच्या आसपास पिंपळाखाली गल्लीतल्या कुत्र्यांना पोळ्या घातल्या जात. सात-आठ कुत्री जमत, भांडत, वर पाहून भुंकत. कुत्री सुरू झाली की टोळी उंबरावरून सी विंगच्या गच्चीवर सरके. त्याशिवाय छाटणीनंतर सुरक्षेसाठी म्हणून नाल्याकडे एक मोठा दिवा लावला होता आणि त्याचा झोत थेट पिंपळात शिरत होता.

आणखी एक गोष्ट दिसली आणि पुढच्या सगळ्या निर्णयांना तिचा आधार मिळाला. टोळीचं शेवटचं ठरणं सूर्य मावळल्यानंतरच्या पंधरा-वीस मिनिटांत होतं. त्याआधी अडवलं तर ती दुसरीकडे जाऊ शकते. अंधार पडल्यावर उठवलं तर तिला कुठेच जाता येत नाही. ती दिसेल तिथे उडी मारते. सुतळी बॉम्बच्या रात्री नेमकं हेच झालं होतं.

समोरचे पर्याय

पकडून लांब सोडणं. वन्यजीव (संरक्षण) कायदा, १९७२ खाली वानर संरक्षित आहे, परवानगीशिवाय पकडता येत नाही. पण कायदा बाजूला ठेवला तरी हा पर्याय पोकळ होता. पेंचच्या जंगलात प्रत्येक तुकड्यात आधीच टोळ्या आहेत. परक्या टोळीला तिथली झोपायची झाडं, पाणी, बिबट्याच्या वाटा यातलं काहीच माहीत नसतं. आणि इकडे मोकळा झालेला नाला, पिंपळ, उंबर पाहून शेजारची टोळी येणार. सभेत हे सांगितल्यावर पिंजऱ्याची मागणी करणाऱ्यांपैकी बरेच जण गप्प झाले. सगळे नाही.

फटाके आणि गुलेल. मेलेल्या मादीनंतर यावर फार बोलावं लागलं नाही. तरी एका सदस्याने विचारलं की दुपारी फटाके लावले तर चालेल का. दुपारी टोळी कॉलनीत नसतेच, म्हणून तोही प्रश्न निकालात निघाला.

सगळ्या गच्च्यांना जाळी. खर्च मोठा, आणि जाळीवर वानरं चढून बसतात. लहान बाल्कन्यांना जाळी ठीक. ती ज्याची त्याने लावावी असं ठरलं.

लांब कुठेतरी खाणं ठेवणं. ही सूचना भाविक मंडळींकडून आली आणि चांगल्या मनाने आली. यावर मी ठाम विरोध केला. पानं पचवणाऱ्या प्राण्याला पोळ्या आणि केळी घालणं त्याच्या पोटाला बरं नाही, आणि हातातून खायची सवय लागलेला हुप्प्या पिशवी दिसली की अंगावर येतो. खाण्याचा प्रश्न नव्हता तिथे तो निर्माण झाला असता.

उंबर तोडणं. गच्चीवर जायची वाट तीच, म्हणून ती तोडा, असं सी विंगच्या काही घरांचं म्हणणं होतं. यावर सर्वांत जास्त वेळ गेला. उंबर काढला असता तरी बी विंगवरून वाट होतीच. वानराची उडी चार-पाच मीटर सहज जाते. उलट, गच्चीवरून बाल्कन्यांना न शिवता खाली उतरायची एकमेव वाट तो उंबर होता. तो गेला असता तर टोळी वर अडकली असती किंवा रोज घरांवरूनच उतरली असती. उंबर राहिला.

शेवटचा पर्याय म्हणजे झाड पुन्हा झोपण्यालायक करणं आणि गच्ची तेवढ्या वेळेपुरती नकोशी करणं. याला पैसे कमी लागणार होते, धीर जास्त.

काय केलं

कुत्र्यांचं खाणं आधी हलवलं. पोळ्या घालणाऱ्या काकू सुरुवातीला दुखावल्या. आपल्यावर ठपका येतोय असं त्यांना वाटलं. बाई त्यांच्याकडे चहाला गेल्या, वही दाखवली, आणि पुढच्या फाटकाशी, उजेड असताना घालायचं असं त्या दोघींनीच ठरवलं. हे काम समितीच्या नोटिशीने झालं नसतं.

दिव्याचं तोंड खाली, फाटकाकडे वळवलं आणि वर पत्र्याची झाकणी लावली.

गच्चीसाठी पाळ्या लावल्या. सी आणि बी विंगच्या गच्चीवर दुपार कलल्यापासून अंधार पडेपर्यंत दोन-तीन माणसांनी बसायचं, फिरायचं, गप्पा मारायच्या. काठी नाही, आरडाओरडा नाही, दगड तर नाहीच. वानरं माणसं वावरत असलेल्या जागी सहसा मुक्काम टाकत नाहीत, आणि इतक्या लवकर दिसलं की जागा भरलेली आहे तर त्यांच्या हातात अजून उजेड असतो. पहिल्या काही दिवसांत टोळी उंबरावर येऊन बसे, वर पाही, हुप्प्या घसा खाकरून हुंकारे. मग पिंपळावर परते. कॉलनीतल्या आज्या-आजोबांनी या पाळ्या मनापासून केल्या. मनगट मोडलेल्या आजीसुद्धा खुर्ची टाकून बसत.

टाक्यांची झाकणं तारेने बांधली, सोलरच्या नळ्यांभोवती जाळी घातली. नाल्यावरून जाणाऱ्या विजेच्या तारांना आवरण घालण्यासाठी अर्ज केला. काही महिन्यांनी, पिंपळाजवळच्या टप्प्याला ते झालं. अर्जुनांना तीन वर्षं हात लावायचा नाही असा ठराव केला.

पिंपळाचा घेर मोजून त्याची नोंदही करून घेतली. महाराष्ट्राच्या १९७५ च्या नागरी वृक्ष कायद्यात २०२१ साली दुरुस्ती झाली आणि पन्नास वर्षांवरच्या झाडांना वारसा वृक्षाचा दर्जा मिळाला. हा पिंपळ त्याहून जुना असावा याबद्दल जुन्या लोकांना शंका नव्हती, पण कागदावर काही नव्हतं.

काय झालं

नवरात्र संपेपर्यंत टोळी बहुतेक रात्री पिंपळावर किंवा पलीकडच्या निलगिरीवर झोपू लागली. पहाटेच्या तक्रारी जवळजवळ थांबल्या. दिवाळीत नाल्याच्या बाजूला फटाके लावायचे नाहीत असं ठरलं होतं. तरी शहरभरच्या आवाजाने टोळी त्या रात्रींना दिसेनाशी झाली आणि भाऊबीजेनंतर परतली. थंडीत माद्या-पिल्लं पिंपळाच्या मधल्या फांद्यांवर एकमेकांना चिकटून बसलेली पहाटेच्या फेरीला जाणाऱ्यांना दिसत.

फाल्गुनात मात्र टोळी पुन्हा सी विंगच्या गच्चीवर आली. पाळ्या चालू होत्या, कुत्री हललेली होती, दिवा खाली होता. सभेत लगेच आवाज चढले. उपाय फसला, आता पिंजरे आणा. चौकीदाराने पुन्हा साधं उत्तर दिलं: पिंपळाची पानं झडली आहेत. काटेसावरही त्याच सुमाराला उघडी होती. आडोसा नाही, दुरून सगळे दिसतात, म्हणून टोळी तिथे टिकत नसावी असा आमचा अंदाज. समितीने थांबायचं ठरवलं. माझ्या मते या सबंध प्रकरणातला सर्वांत कठीण निर्णय हाच होता, कारण त्यात करायचं काहीच नव्हतं आणि लोक रोज विचारत होते. पिंपळाला तांबूस पालवी फुटली तशी टोळी आधी ती खायला आणि मग झोपायला परतली.

अर्जुनांना पहिल्या पावसाळ्यात भरपूर फुटवे आले, पण असे फुटवे सालीशी जेमतेम जोडलेले असतात, वजन पेलत नाहीत. माद्या येऊन पाहून जात. दुसऱ्या पावसाळ्याच्या शेवटी दोन माद्या एका अर्जुनावर रात्रभर राहिल्या. बाकी टोळी अजून तिकडे वळलेली नाही.

मुसळधार पावसाच्या रात्री टोळी अजूनही सी विंगवर लिफ्टच्या खोलीच्या छज्ज्याखाली येते. सी विंगने हे मान्य केलं आहे, वरच्या मजल्यावरच्या एका कुटुंबाने केलेलं नाही. त्यांच्या खिडक्यांना कॉलनीच्या खर्चाने जाळी लावली.

पुन्हा करायचं झालं तर

छाटणीच्या आधी दोन संध्याकाळी झाडाखाली उभं राहिलं असतं तरी पुरलं असतं. झाडावर घरटी आहेत का हे आता काही सोसायट्या पाहतात. पण वानराचं घरटं नसतं, त्याची जागा फक्त संध्याकाळी दिसते. छाटणी गरजेची होती यात वाद नाही, गाडीऐवजी माणूस असता तर? पण चार झाडं एकाच वर्षी बोडकी करण्याची गरज नव्हती. वर्षाला एक झाड घेतलं असतं तर टोळीच्या फेऱ्यात तीन अर्जुन राहिले असते. आणि तारेकडे झुकलेल्या फांद्या मुळाशी, कॉलरपाशी (फांदी खोडाला मिळते तिथल्या फुगीर भागापाशी) कापायला हव्या होत्या. अर्ध्यावर कापलेल्या फांदीचा ना झाडाला उपयोग ना वानराला.

जूनमध्ये पहिली तक्रार आली तेव्हाच चौकीदाराला विचारलं असतं तर ती मादी कदाचित वाचली असती. रात्री कॉलनीत जागं असणारं माणूस एकच होतं, आणि सभेला त्याला खुर्ची नव्हती. आता सभेच्या सूचनेत त्याचंही नाव असतं.

कुणी विचारतं की वानरांना इथे झोपू द्यावंच का, गोरेवाड्याकडे कायमचं का सरकवू नये. २०२१ मध्ये नागपूरच्या वस्तीत बिबट्या फिरला होता हे लोकांच्या लक्षात आहे. वानरांना तर ते रोजच लक्षात ठेवावं लागतं. माणसांच्या वस्तीजवळची उंच झाडं त्यांना कदाचित त्यासाठीच बरी वाटतात. ती निवड त्यांची आहे आणि आपण ती बदलू शकत नाही. कुठल्या झाडावर, हे मात्र आपल्या कुऱ्हाडीवर ठरतं.

समितीने छाटणीच्या कामाच्या पत्रात आता चार अटी घातल्या आहेत: काम एका वर्षी एकाच झाडावर, फांद्यांची टोकं शक्यतो राखून, सूर्यास्ताच्या दोन तास आधी काम बंद, आणि आधीच्या आठवड्यात बाईंच्या वहीतली नोंद पाहूनच दिवस ठरवायचा. नाल्याला सिमेंटची भिंत घालण्याचा प्रस्ताव सध्या आला आहे आणि त्यात दोन अर्जुन जातात. कॉलनीने वृक्ष प्राधिकरणाकडे हरकत नोंदवली असून तिच्यासोबत वहीच्या प्रती जोडल्या आहेत. निर्णय अजून व्हायचा आहे.